डब्यातला रोट

बोरसे सरांनी रूपाच्या डब्यातला पहिला तुकडा उचलला तेव्हा ती नको म्हणायला तोंड उघडतच होती. दुसरा तुकडा त्यांनी मागून घेतला, आणि तोवर तिचं तोंड नुसतंच उघडं राहिलं होतं.

“एक नंबर! आजीच्या हातचं दिसतंय,” सर म्हणाले आणि बोटं चाटत पुढच्या डब्याकडे वळले.

धुळ्याहून साक्रीकडे जाताना वसाहती विरळ होऊन कपाशीची शेतं सुरू होतात, तिथे हे सरकारी हायस्कूल. पत्र्याच्या छताचे वर्ग, मधे झेंड्याचा ओटा, आणि ज्यांच्या आईबापांना इंग्रजी शाळा झेपत नाही अशी सगळ्या जातीधर्माची पोरं. नववी ‘ब’चे वर्गशिक्षक म्हणून नीलेश बोरसे सर याच वर्षी आले होते. भाड्याच्या खोलीत एकटे राहायचे. आल्या आल्या त्यांनी अंगतपंगत सुरू केली. आठवड्यातून एकदा सगळ्यांनी व्हरांड्यात गोल बसायचं, डबे मधे ठेवायचे, आणि सरांनी प्रत्येक डब्यातला एक घास खाऊन बघायचा. मुलांनी काय काय आणलंय ते कळतं, असं सर म्हणत. सरांचं दुपारचं जेवण होतं, असं मुलं म्हणत.

अंगतपंगत शुक्रवारची. पण रविवारी घरोघर कानबाई देवी बसली, सोमवारी तिचं विसर्जन, अर्धा वर्ग गैरहजर. तेव्हा सगळे परत आल्यावर शुक्रवारची वाट न बघता सरांनी मंगळवारीच सगळ्यांना गोल बसवलं. रूपाला याची कल्पना असती तर ती त्या दिवशी उपाशी राहिली असती.

कारण तिच्या डब्यात कानबाईचा रोट होता.

ज्यांच्या घरी कानबाई बसते त्यांना रोट म्हणजे काय ते सांगायला नको. श्रावणातल्या त्या रविवारी घरातल्या पुरुषांच्या नावानं गहू मोजून घ्यायचे, दळायचे, चाळायचे नाहीत, आणि त्याच्या जाडसर गोड पोळ्या देवीला दाखवून घरच्यांनी, भाऊबंदांनीच खाऊन संपवायच्या. परक्याला तुकडा नाही. रूपाच्या घरी तर लग्न होऊन गेलेल्या आत्या त्या दिवसांत आल्या तर त्यांनाही साधी पोळी. आणि मोठी माय, म्हणजे ताईबाई, रूपाची आजी, रोटाचं ताट स्वतःच्या नजरेखाली ठेवायची.

मंगळवारी सकाळी मम्मी जागरणानं तापली होती, मोठी माय अंघोळीला गेली होती आणि शाळेची वेळ झाली होती. रूपानं विचार केला, मी घरचीच आहे, घरी खाल्ला काय आणि शाळेत खाल्ला काय, जाणार तर घरच्याच पोटात. नववीतल्या मुलीचा हिशोब म्हणून तो काही वाईट नव्हता. फक्त त्यात बोरसे सर धरलेले नव्हते. आणि शेजारी बसणारी मंतशाही धरलेली नव्हती. तिनं तर रोज अर्धा डबा बदलायचा नेम असल्यानं विचारायचीही तसदी घेतली नव्हती.

संध्याकाळपर्यंत रूपानं स्वतःची समजूत घातली, की कोणाला कळणार आहे. संध्याकाळी झुलाल नाना आले.

नाना म्हणजे पप्पांचे मोठे भाऊ. त्यांच्याकडे सदा एखादं स्थळ असायचंच. रूपाची थोरली बहीण कोकिळा एका लॅबमध्ये लोकांचं रक्त काढायचं काम करायची. तिला आजवर बरेच लोक पाहून गेले होते. कोणाला उंची कमी वाटली, कोणाला नोकरी नको होती, कोणी नुसते पोहे खाऊन गेले. अलीकडे ती मुलांचे फोटो रिपोर्ट बघावा तसे बघायची. एक नजर टाकायची आणि बाजूला ठेवायची.

“हा बघ,” नानांनी मोबाइल पुढे केला. “दोंडाईच्याकडचा. सरकारी शाळेत मास्तर. मध्यस्थाशी बोलणं झालंय. मुलाला अजून काही सांगितलेलं नाही, आधी आपण बघून घेऊ.”

कोकिळानं फोटो पाहिला. मग दोन बोटांनी मोठा करून पाहिला. मग मोबाइल परत न देता मम्मीला म्हणाली, “चेहरा बरा आहे गं.”

मम्मीनं हातातलं काम सोडून वर पाहिलं, इतकं ते नवल होतं. रूपानं बहिणीच्या खांद्यावरून डोकावलं. झेंड्याच्या ओट्याला टेकून, पट्ट्यापट्ट्यांचा शर्ट घातलेले बोरसे सर तिच्याकडे बघून हसत होते.

“हे तर आमचे सर!”

“मग काय, घरचीच चौकशी झाली,” नाना खूश झाले.

रूपाला दुपारचे ते दोन तुकडे आठवले. मोठी माय शेंगा निवडत बसली होती, तिच्याजवळ सरकून तिनं शक्य तितक्या सहज आवाजात विचारलं, “मोठी माय, आपला रोट बाहेरच्यानं खाल्ला तर काय होतं?”

“कोन खाई?”

“समजा.”

“समजा कसाले? खाधा ते तो आपला भाऊबंद व्हयना. आपला कुळमा उना.” मोठी मायनं तिच्याकडे रोखून पाहिलं. “काबर विचारस तू?”

“शाळेत प्रकल्प आहे. सण आणि रूढी.”

शाळेच्या प्रकल्पाला घरात कोणी हरकत घेत नाही. मोठी माय पुन्हा शेंगांकडे वळली. कुळात आला म्हणजे भाऊबंद, आणि भाऊबंद म्हणजे भाऊ. भावाशी लग्न होत नाही, हे समजायला प्रकल्पाची गरज नव्हती. पलीकडे कोकिळा अजून फोटोच बघत होती.

दुसऱ्या दिवशी मधल्या सुटीत रूपानं मंतशाला पाण्याच्या टाकीमागे नेलं आणि सगळं सांगितलं. मंतशा तिच्याच बाकावर बसायची. तिचे अब्बा कय्युमभाई बाजारात गाद्या भरायचे, आणि वर्गात सर्वांत मोठ्यानं हसायची तीच. या वेळी मात्र ती हसली नाही.

“मी पण खाल्ला की. मग मी कोण?”

“तू मुलगी आहेस. मुलीचं काही नसतं.”

“असं कसं काही नसतं?” मंतशाला राग आला. “त्यांनी दोन तुकडे खाल्ले तर ते भाऊ, आणि मी अर्धा डबा खाल्ला तर कोणीच नाही?”

“मंतशा, माझ्या ताईचं लग्न मोडेल गं.”

मंतशानं मग गंभीरपणे विचार केला. “मोडू शकतं,” ती म्हणाली. “आमच्यात एकाच बाईचं दूध प्यायलेली मुलं भाऊबहीण होतात. वेगळ्या घरची असली तरी. मग त्यांचा निकाह नाही होत. माझ्या खालाच्या मोहल्ल्यात झालं होतं असं. ठरलेलं मोडलं.”

“तू मला धीर देतेयस ना?”

“धीरच देतेय. पण खोटं कसं सांगू?”

त्या दिवसापासून रूपाला शाळेत सुख उरलं नाही. परिपाठाला ती मागच्या रांगेत उभी राहू लागली. सर वर्गात आले की वहीत डोकं घालायची. आणि तरी तिचे डोळे सारखे त्यांच्याकडे जायचे. कॉलर विरलेली. मनगटाला खडू. हा माणूस आपल्या घरी येईल का? का आपण त्याला दोन तुकड्यांत घालवून बसलो? गुरुवारी सरांनी समांतर रेषांचं प्रमेय शिकवताना कोन चुकीचा मांडला, अर्धा फळा भरला, मग थांबले. “माझं चुकलं रे. पुसा सगळं,” म्हणाले, आणि पहिल्यापासून सुरुवात केली. मग अचानक, “रूपा, पुढची पायरी?”

रूपा उठली. पुढची पायरी तिला येत होती. पण सर समोर बघत होते आणि तिच्या डोक्यात फक्त ‘आपला कुळमा उना’ एवढंच फिरत होतं.

“तुझं लक्ष कुठे आहे दोन दिवस? घरी काही आहे का?”

“नाही सर. घरी काहीच नाही.” हे तिनं इतक्या जोरात सांगितलं की मागची मुलं हसली.

संध्याकाळी दोरीवरचे कपडे काढता काढता कोकिळानं विचारलं, “कसा शिकवतो गं?”

“चुकतात कधी कधी,” रूपा म्हणाली. “पण चुकले की सांगतात, माझं चुकलं.”

कोकिळा हातातली चादर तशीच धरून उभी राहिली. “मुलांसमोर?”

“हो.”

“बरं,” कोकिळा म्हणाली, आणि चादरीची घडी दोनदा घातली. रूपाला वाटलं आत्ता सांगून टाकावं. पण बहिणीच्या चेहऱ्यावर कित्येक महिन्यांत नव्हतं असं काहीतरी होतं, आणि ते आपल्या हातानं पुसायची तिची हिंमत झाली नाही.

तेवढ्यात नाना पुन्हा आले, आणि उरलीसुरली हिंमतही गेली. त्यांनी बेत काढला होता. शनिवारी शाळेत पालक सभा होती.

“मम्मीऐवजी मोठी मायनं जायचं,” नाना म्हणाले. “घरी पाहुणा म्हणून आला की कोणीही सज्जन दिसतो. मुलगा कामावर बघावा. बोलतो कसा, पोरांवर खेकसतो का.”

“मी जासू,” मोठी माय म्हणाली. नवी नऊवारी तिनं मनातल्या मनात नेसूनही टाकली असावी.

“सभा रद्द झालीय,” रूपा म्हणाली.

मम्मीनं मोबाइल उघडून पालकांच्या गटावरचा निरोप मोठ्यानं वाचला. सभा शनिवारी, शाळा सुटल्यावर. विषय: सकस डबा. सर्वांनी अवश्य यावे. नीलेश बोरसे, वर्गशिक्षक.

“रद्द कुठे?” मम्मी म्हणाली. रूपा आत निघून गेली.

शुक्रवारी सरांनीच तिला थांबवून घेतलं. अक्षर चांगलं म्हणून फळ्यावर ‘सकस डबा’ रंगीत खडूंनी लिहायचं होतं. वर्ग रिकामा होता. रूपा ‘स’ला पिवळी कडा देत होती आणि मनात वाक्य जुळवत होती: सर, उद्या माझ्या डब्याचं काही बोलू नका. सोपं वाक्य होतं. ‘क’पर्यंत आली तरी ते तोंडातून निघेना.

“सर, उद्या...”

“उद्या काय?”

“उद्या माझी आजी येणार आहे सभेला.”

“अरे वा!” सरांचा चेहरा खुलला. “मग आजींनाच बोलायला लावू. ती गोड पोळी त्यांचीच ना? पालक सभेत बायका बोलतच नाहीत. आजी बोलल्या तर बाकीच्याही बोलतील.”

“आजीला बोलता येत नाही सर.”

“म्हणजे?”

रूपा काही सांगणार तेवढ्यात शिपाई सुकदेव भाऊ कुलपांची चावी वाजवत दारात आले. “सर, आटपा. मले बाजार करना शे.” सर उठले. फळ्यावर ‘सकस डबा’ झगमगत राहिला.

शनिवारी वर्ग बायकांनी भरला. पोरांच्या बाकांवर आयांना बसता येईना, गुडघे अडकत होते. पहिल्याच बाकावर मोठी माय, नव्या नऊवारीत, तालुक्याच्या कोर्टात निकाल द्यायला आल्यासारखी. मागे मंतशाची अम्मी मुमताज. मुलं भिंतीला लागून उभी होती. मंतशानं रूपाचा हात धरला.

सरांनी स्वागत केलं. मग भाज्यांबद्दल, पाकीटबंद कुरकुऱ्यांबद्दल बोलले. सगळ्या बायका मान हलवत होत्या आणि कोणी बोलत नव्हतं. मोठी माय सरांच्या चपलेपासून केसांपर्यंत सगळं तपासत होती. रूपा मनात म्हणत होती, संपू दे, संपू दे, आता आभार माना.

“आता एक उदाहरण देतो,” सर म्हणाले. “मंगळवारी रूपाच्या डब्यात जाडसर गोड पोळी होती. न चाळलेल्या कणकेची. मी तर एक खाऊन दुसरा तुकडा मागून घेतला. आजी आलेल्या आहेत. आजी, सांगा बरं सगळ्यांना, कशी करता?”

मंगळवार. कानबाईच्या विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशीचा. जाडसर, गोड, न चाळलेली. बाकाबाकांवर बायकांचे डोळे मोठे होत गेले.

“अय माय! रोट!” मागून कोणीतरी म्हणालं.

मग जे सुरू झालं तसं त्या शाळेच्या पालक सभेत कधी झालं नव्हतं.

“रोट डब्यात?”

“आमच्यात तर उंबऱ्याबाहेर गेला की तो रोटच राहत नाही.”

“असं कुठे असतं? आमच्यात एक दाणा बाहेर गेला तरी पुढच्या वर्षी दुप्पट दळावं लागतं.”

“तुमच्यात असेल. आमच्या शिंदखेड्याकडे ज्यानं खाल्ला तो घरचा. त्याला पुढे रोट द्यावाच लागतो.”

“म्हणजे सर आता हिच्या घरचे?”

सरांच्या हातातला खडू खाली पडला. ते दोंडाईच्याकडचे. त्यांना कोणी समजावून सांगायची गरज नव्हती. “तो रोट होता?” त्यांनी रूपाकडे पाहिलं. “चव ओळखीची वाटली होती मला. पण म्हटलं, रोट डब्यात कोण आणेल?”

सगळा वर्ग रूपाकडे बघू लागला. आता मोठी माय उठेल, म्हणेल हा आपला भाऊ झाला, आणि घरी जाऊन नानांना सांगेल, आणि नाना कोकिळाला दुसरा फोटो दाखवायला लागतील. ती एकदम रडायलाच लागली.

मोठी माय उठली. बाकात अडकलेलं लुगडं सोडवायला तिला वेळ लागला. सगळ्या बायका तिच्याकडे वळल्या.

“मास्तर,” ती म्हणाली, “इकडे देखा. मांगीसन खाधा का इनी दिधा?”

वर्गात कायम पुस्तकातलं बोलणारे बोरसे सर शाळेतल्या पोरासारखे उभे राहिले आणि त्यांच्या तोंडून सरळ घरची बोली निघाली. “मांगीसन खाधा, माय. भूक लागेल व्हती.”

भिंतीला लागलेली मुलं एकमेकांकडे बघायला लागली. सर असं बोलतात?

“आन् पहिला?”

“तो सरांनीच उचलला,” मंतशा मधेच ओरडली. “हिनं दिलाच नव्हता. हिचं तोंड उघडं होतं नुसतं. मी बघितलं.”

मोठी मायनं थोडा विचार केला. शेवटी ती सरांना नाही, सगळ्या बायकांना उद्देशून बोलली. “भाऊबंदले रोट मांगना पडस का? त्याना वाटा ऱ्हासच. जो मांगीसन खास तो परका. परकानी मांगं, त्यानं पोट भरनं. अन्न शे ते. रोट नही.”

“पण ताईबाई, आमच्या शिंदखेड्याकडे...”

“तुमना गावले ऱ्हाई.”

शिंदखेड्याच्या बाईनं पदर सावरला. बाकीच्यांनी माना डोलावल्या, काहींनी पटल्यामुळे, काहींनी ताईबाईशी वाद नको म्हणून. रूपाचं रडणं थांबलं, पण शंका गेली नव्हती. हे खरं का, की आजीनं आत्ताच रचलं? मोठी मायच्या चेहऱ्यावरून काही कळत नव्हतं.

मागून मुमताज उठली. “आजी, आमचीनं पण खाल्ला. रोजच खाते ती हिचा डबा. तिचं काय करायचं ते पण सांगून टाका.”

“तिनी मांगा का?”

“मी कधी मागत नाही,” मंतशा म्हणाली. “घेते.”

“मंग तू भाऊबंद. पुढला साल दळाले ये.”

वर्ग हसला. मंतशानं रूपाला कोपर मारलं, तिच्या डोळ्यांत स्पष्ट लिहिलं होतं, बघ, माझंही काही असतं.

इथे सभा संपायला हवी होती. पण मोठी माय खाली बसली नाही. “मास्तर, एकला ऱ्हास का तू?”

“हो. म्हणजे, हो.”

“रांधता येस का?”

“खिचडी येते.”

“रोज खिचडीच?”

“कधी कधी पोहे.”

“माय-बाप कोठे शेत? धाकला का मोठा? गाडी शे का फटफटी?”

पहिल्या प्रश्नाला बायकांनी कान टवकारले. तिसऱ्याला त्या एकमेकींकडे बघून हसायला लागल्या. पाचव्यापर्यंत वर्गातल्या सगळ्या बायांना कळून चुकलं होतं की ही पालक सभा नाही. सरांना सर्वांत शेवटी कळलं. त्यांनी रूपाकडे पाहिलं, आजीकडे पाहिलं, आणि कानापर्यंत लाल झाले. सकस डब्याचे आभार त्यांनी भिंतीकडे बघून मानले.

“सोमवारी सगळ्या शाळेला कळेल,” रूपा म्हणाली.

“सोमवारी कशाला?” मंतशा म्हणाली. “माझी अम्मी आत्ता निघालीय.”

फाटकाबाहेर आल्यावर मोठी माय थांबली आणि रूपाचा कान धरला. नुसता धरला नाही, पिळला. “रोट घर भाहेर लई जास? घर चाल, देखस तुनाकडे.” रूपाला इतकं दुखलं की तिला बरं वाटलं. आठवडाभर कोणीतरी कान धरावा याचीच ती वाट बघत होती.

“मोठी माय, ते मागून खाल्लेल्याचं... खरं असतं का तसं?”

“मी सांगं ना?”

“हो.”

“मंग.” मोठी मायनं कनवटीचा मोबाइल काढून तिच्या हातात दिला. “कोकिळाले लाव.”

रूपानं लावला. पलीकडे लॅबमध्ये कोणाचं तरी बाळ सुई टोचल्यासारखं रडत होतं आणि त्यातून कोकिळाचा आवाज आला, “काय झालं? काय म्हणाली मोठी माय?”

मोठी मायनं फोन उलटा धरला, मग सुलटा केला, आणि रस्त्यावरच्या सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, “पोऱ्या बरा शे. भुक्कड शे, पन बरा शे.”

पलीकडे बाळ रडतच होतं. मग कोकिळा हसली. रूपा फोनला कान लावून उभी राहिली.